महाविद्यालयीन मुकुट आणि मतपत्रिकेतील दोन रकाने

अमेरिकेतील विद्यापीठांत आणि शाळांत दरवर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एक सोहळा होतो. फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात खेळाडू मैदान सोडतात, बँड वाजू लागतो आणि विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडून आलेला एक तरुण व एक तरुणी यांच्या मस्तकी मुकुट चढविला जातो. त्यांना 'होमकमिंग किंग' आणि 'होमकमिंग क्वीन' असे म्हणतात. या राजाराणीच्या हाती कोणतीही सत्ता नसते. दुसऱ्या दिवशी ते इतरांसारखेच वर्गात बसतात. तरीही या मुकुटावरून तेथील शाळा मंडळे, पालक, धर्मप्रचारक आणि वृत्तवाहिन्या यांच्यात गेली अनेक वर्षे वाद सुरू आहे. वादाचा विषय एका वाक्यात सांगता येतो : राणीच्या जागेसाठी उभे राहण्याचा अधिकार कोणाला आणि राजाच्या जागेसाठी कोणाला?

'होमकमिंग' म्हणजे घरी परतणे. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा आपल्या संस्थेत परत यावे, संघाचा सामना पाहावा आणि जुन्या मित्रांना भेटावे, ही मूळ कल्पना. (येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ.) या प्रथेचा मान बहुधा मिसुरी विद्यापीठाला दिला जातो. १९११ मध्ये कॅन्सस विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यासाठी तेथील क्रीडा संचालकांनी माजी विद्यार्थ्यांना 'घरी या' असे आवाहन केले आणि हजारो लोक आले. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. बेलर विद्यापीठ १९०९ चा आणि इलिनॉय विद्यापीठ १९१० चा दाखला देऊन हा मान आपलाच असल्याचे सांगतात. असो. त्या सुरुवातीच्या सोहळ्यांत मुकुट नव्हता. राणी आली ती पुढील दशकांत, आणि राजा बहुतेक ठिकाणी तिच्याही बऱ्याच नंतर.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. मैदानावर पुरुष खेळत होते. त्यांचे कर्तृत्व धावफलकावर दिसत होते. मुलींसाठी त्या दिवशी जी एक मानाची जागा होती, ती सजविलेल्या गाडीवर बसून हात हलविण्याची. तिची निवड चेहऱ्यावरून, पोशाखावरून आणि लोकप्रियतेवरून होई. आज अनेक विद्यापीठांत उमेदवाराचे गुण, समाजकार्य, मुलाखत आणि मग विद्यार्थ्यांचे मतदान अशी रीत आहे. उमेदवारांची नावे वसतिगृहे, विद्यार्थी संघटना, तसेच 'फ्रॅटर्निटी' व 'सोरॉरिटी' या नावाने ओळखली जाणारी मुलांची व मुलींची मंडळे सुचवितात. निकष बदलले, पण मतपत्रिकेवरील दोन रकाने तसेच राहिले. एक त्याचा, एक तिचा.

हॉवर्डमधील पडदा

या मुकुटाच्या चौकटीला पहिला मोठा धक्का बसला तो कोणी पुरुष राणी झाल्यामुळे नव्हे. १९६६ मध्ये वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात रॉबिन ग्रेगरी नावाची विद्यार्थिनी राणीपदासाठी उभी राहिली. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचे देशातील अग्रगण्य विद्यापीठ. पण तेथेही राणी निवडली जाई ती शक्य तितकी उजळ वर्णाची आणि सरळ केसांची. रॉबिन ग्रेगरी यांनी आपले केस नैसर्गिक, कुरळे, 'आफ्रो' पद्धतीने ठेवले होते आणि प्रचारात त्या सौंदर्याविषयी नव्हे, तर कृष्णवर्णीयांच्या राजकीय हक्कांविषयी बोलत होत्या.

निकालाच्या रात्रीचे वर्णन पॉला गिडिंग्ज यांनी 'आइज ऑन द प्राइझ' या माहितीपट मालिकेत केले आहे. तेव्हा हॉवर्डच्या विद्यार्थिनी असलेल्या गिडिंग्ज पुढे इतिहासकार म्हणून नावारूपाला आल्या. सभागृहात अंधार होता. पडदा उघडू लागला आणि राणीचा चेहरा दिसण्याआधी मागच्या प्रकाशात तिच्या केसांची सावली दिसली. सारे सभागृह उठून उभे राहिले आणि 'ब्लॅक पॉवर'च्या घोषणा सुरू झाल्या. दीड वर्षाने, मार्च १९६८ मध्ये, हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीचा ताबा घेतला. एका मुकुटामुळे हे आंदोलन झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण 'योग्य स्त्री' कशी दिसते याचे उत्तर विद्यार्थ्यांनी मताने बदलले, हे त्या रात्री प्रथमच सर्वांच्या डोळ्यांसमोर आले.

त्याच वर्षी, ७ सप्टेंबर १९६८ रोजी, अटलांटिक सिटी येथे 'मिस अमेरिका' स्पर्धेबाहेर स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी निदर्शने केली आणि एका मेंढीला मुकुट घातला. या वातावरणाचा परिणाम विद्यापीठांवरही झाला. १९७० च्या दशकात काही ठिकाणी राणीची निवडणूक बंद पडली, काही ठिकाणी समानतेसाठी म्हणून राजाचीही निवड सुरू झाली. राजा आणल्याने स्त्रीला एकटीला मिरविण्याची प्रथा संपली खरी, पण एक नवी अडचण उभी राहिली. आता मैदानावर एक जोडी उभी राहू लागली. आणि जोडी म्हटली की एक पुरुष, एक स्त्री हे गृहीत धरले जाऊ लागले. नियमात कोठेही लिहिलेले नसताना तो एक विवाहसदृश देखावा बनला.

व्हर्जिनियातील एक वर्ष

२००९ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. फेब्रुवारीत व्हर्जिनिया राज्यातील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'मिस मेसन' म्हणून एका समलिंगी तरुणाला निवडले. हा विद्यार्थी स्त्रीवेष धारण करून रंगमंचावर कला सादर करीत असे. त्या प्रकाराला तेथे 'ड्रॅग' म्हणतात. त्याच वेषात त्याने स्पर्धेत भाग घेतला आणि मुकुट स्वीकारला. काही विद्यार्थ्यांना हे विद्यापीठाची शोभा करणारे वाटले, तर काहींना आपल्या संस्थेतील विविधतेची ही पावती वाटली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच राज्यातील विल्यम अँड मेरी या महाविद्यालयात आणखी एक घटना घडली. १६९३ मध्ये स्थापन झालेली ही अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाची जुनी उच्चशिक्षण संस्था. तेथील विद्यार्थ्यांनी होमकमिंगची राणी म्हणून अशा व्यक्तीला मते दिली, जी स्वतःला पुरुष वा स्त्री यांपैकी कोणत्याच एका खान्यात बसवीत नव्हती. ही व्यक्ती स्वतःसाठी 'ही' किंवा 'शी' या इंग्रजी सर्वनामांऐवजी 'झी' आणि 'हिअर' ही नवी सर्वनामे वापरत असे. इंग्रजी वृत्तपत्रांची तेव्हा चांगलीच तारांबळ उडाली. मराठीची अडचण त्याहून मोठी आहे. आपल्याकडे क्रियापदालाच लिंग असते. 'आला' की 'आली' हे ठरविल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. वरील वाक्य 'व्यक्ती' या शब्दाच्या आधाराने कसेबसे निभावले आहे.

या दोन्ही निवडणुका ज्या राज्यात झाल्या, तेथील मतदारांनी तीनच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर २००६ मध्ये, समलिंगी विवाहाला बंदी घालणारी घटनादुरुस्ती मंजूर केली होती. राज्याच्या मतपेटीतून निघालेला निकाल आणि विद्यार्थ्यांच्या मतपेटीतून निघालेला निकाल यांच्यातील हे अंतर मुख्यतः दोन पिढ्यांमधील होते.

शाळांतील मुकुट

विद्यापीठांतून हा विषय शाळांत गेला आणि तेथे तो अधिक नाजूक झाला, कारण येथील उमेदवार सोळा-सतरा वर्षांचे असतात. २०११ मध्ये सॅन डिएगो येथील पॅट्रिक हेन्री हायस्कूलमध्ये परस्परांवर प्रेम असणाऱ्या दोन मुलींची राजा व राणी म्हणून निवड झाली. त्याच हंगामात मिशिगन राज्यातील पिंकनी या गावच्या शाळेत एक निराळीच गोष्ट घडली. शाळेच्या मुलांच्या फुटबॉल संघात एक मुलगी होती. चेंडूला लाथ मारून गुण मिळविण्याचे काम तिच्याकडे होते. मध्यंतरात तिची राणी म्हणून निवड झाल्याचे जाहीर झाले आणि तिने संघाच्या गणवेशातच मुकुट स्वीकारला. नंतर उत्तरार्धात ३१ यार्डांवरून तिने मारलेल्या गोलामुळे संघ ९-७ असा जिंकला. या राणीवर कोणी आक्षेप घेतला नाही. मुलीने पुरुषाच्या क्षेत्रात पाऊल टाकले की समाज कौतुक करतो. मुलाने स्त्रीच्या क्षेत्रात पाऊल टाकले की त्याला हसे किंवा राग येतो. त्या वर्षांतील अमेरिकन बातम्या वाचताना हा भेद पुनःपुन्हा जाणवतो.

सर्वांत वेदनादायक प्रकरण उत्तर कॅरोलिना राज्यातील शार्लट शहरातले. २०१४ मध्ये ईस्ट मेक्लेनबर्ग हायस्कूलने एका ट्रान्सजेंडर विद्यार्थ्याला राजा म्हणून मुकुट घातला. जन्माच्या वेळी त्याची नोंद मुलगी अशी झाली होती, पण तो स्वतःला मुलगा मानत होता आणि मुलगा म्हणूनच जगत होता. त्या शाळेत राजा मतांनी नव्हे, तर परोपकारी कार्यासाठी सर्वाधिक निधी जमविणाऱ्यास निवडीत असत. म्हणजे मुकुट त्याने श्रमाने मिळविला होता. मात्र बातमी देशभर पसरताच इंटरनेटवरून त्याच्यावर शिवीगाळीचा वर्षाव झाला. आपल्या आयुष्यातील तो काळ फार कठीण गेल्याचे त्याने पुढे सांगितले. त्यानंतर तो शहरात ट्रान्सजेंडर तरुणांसाठी जाहीरपणे काम करू लागला. मार्च २०१५ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. अशा मृत्यूचा संबंध एका कारणाशी जोडणे योग्य नव्हे. तथापि, मुकुट मिळणे म्हणजे स्वीकार मिळणे असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण विसरू नये. वर्गमित्रांचा स्वीकार शाळेच्या फाटकापर्यंतच पुरतो.

मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटीच्या ओक पार्क हायस्कूलने २०१५ मध्ये एका ट्रान्सजेंडर मुलीला राणी केले, तेव्हा समलिंगी व्यक्तींविरुद्धच्या निदर्शनांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या वेस्टबोरो बॅप्टिस्ट चर्चचे लोक फलक घेऊन शाळेबाहेर आले. त्यांच्यासमोर विद्यार्थ्यांनी प्रति-निदर्शने केली आणि संख्येने चर्चच्या लोकांना सहज मागे टाकले. त्याच शाळेने २०२३ मध्ये पुन्हा एका ट्रान्सजेंडर मुलीची राणी म्हणून निवड केली. या वेळी टीका फलकांवरून नव्हे, तर देशभरातील समाजमाध्यमांवरून आली आणि ती कितीतरी अधिक विखारी होती.

कायदा काय सांगतो?

मुकुट कोणाला द्यावा याविषयी अमेरिकेत स्वतंत्र कायदा नाही. पण शाळेच्या समारंभांत विद्यार्थ्याला स्वतःच्या ओळखीसह सहभागी होऊ द्यावे काय, या प्रश्नावर न्यायालयांचे निर्णय आहेत आणि त्यांचा आधार येथेही घेतला जातो. १९८० मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील एका विद्यार्थ्याला शाळेच्या निरोपाच्या नृत्यसमारंभास, ज्याला 'प्रॉम' म्हणतात, एका तरुणासह जायचे होते. गोंधळ होईल, त्याला मारहाण होईल, असे सांगून मुख्याध्यापकांनी परवानगी नाकारली. संघीय न्यायाधीश रेमंड पेटीन यांनी असे म्हटले की, जोडीदारासह समारंभास जाणे हीसुद्धा एक अभिव्यक्ती आहे व तिला राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण आहे. मारहाणीची भीती असेल तर शाळेने बंदोबस्त वाढवावा. ज्याला मारहाण होण्याची भीती आहे त्यालाच घरी बसविणे हा उपाय नव्हे. या खटल्याला 'फ्रिक विरुद्ध लिंच' म्हणून ओळखतात.

तीस वर्षांनी, २०१० मध्ये, मिसिसिपी राज्यात एका विद्यार्थिनीने आपल्या मैत्रिणीसह आणि पुरुषी सूट घालून प्रॉमला येण्याची परवानगी मागितली. शाळा मंडळाने सरळ समारंभच रद्द केला. न्यायालयाने तिच्या हक्काचा भंग झाल्याचे मान्य केले आणि अखेर मंडळाने ३५ हजार डॉलर देऊन तडजोड केली. येथे हे ध्यानात ठेवावे लागते की, घटनेचे हे संरक्षण सरकारी शाळांपुरते आहे. खासगी व धार्मिक संस्थांना आपले नियम ठरविण्याची बरीच मोकळीक आहे.

शब्द बदलला, पुढे काय?

यानंतर अनेक संस्थांनी उमेदवार बदलण्यापेक्षा मतपत्रिकाच बदलण्याचा मार्ग पत्करला. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाने २०१५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठाने २०१७ मध्ये, तर पेन स्टेट विद्यापीठाने २०१८ मध्ये राजा व राणी ही नावे काढून टाकली. मिनेसोटात निवडलेल्या दोघांना नुसते 'रॉयल्स' म्हणू लागले. ते दोन तरुण असतील, दोन तरुणी असतील किंवा लिंगओळखीने यांपैकी कोणीच नसतील. २०२१ मध्ये टेनेसीतील मेम्फिसच्या व्हाइट स्टेशन हायस्कूलमध्ये सोनेरी झगा घातलेल्या एका मुलाने हा किताब जिंकला. बाहेरच्या लोकांनी आरडाओरड केली, पण मुख्याध्यापिका जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. तेथे किताबातून लिंग आधीच वगळले गेले होते, त्यामुळे नियम मोडल्याचा आरोप करायला जागाच नव्हती.

या बदलावर घेतला जाणारा परंपरेचा आक्षेप फारसा टिकणारा नाही. राजा ही परंपरा स्वतःच अलीकडची आहे. पण दुसरा आक्षेप विचारात घ्यावा लागतो. रकाने होते तोवर दोन जागांपैकी एक मुलीसाठी निश्चित होती. रकाने गेले की दोन्ही जागा मुलांकडे जाऊ शकतात. कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांत हा मुद्दा विशेष तीव्रतेने मांडला जातो. तेथे 'मिस हॉवर्ड' किंवा 'मिस टस्कीगी' हा एका संध्याकाळचा मान नसून वर्षभराचे पद असते. ती संस्थेचे प्रतिनिधित्व करते, भाषणे देते, माजी विद्यार्थ्यांसमोर उभी राहते. 'एबनी' मासिकाने या राण्यांची छायाचित्रे वर्षानुवर्षे प्रसिद्ध केली, ती ज्या काळात मुख्य प्रवाहातील सौंदर्यस्पर्धा कृष्णवर्णीय मुलींना क्वचितच स्थान देत होत्या त्या काळात. ज्यांना हा मुकुट इतक्या उशिरा आणि इतक्या कष्टाने मिळाला, त्यांना तो 'लिंगनिरपेक्ष' करण्याची घाई नसेल तर ते समजण्यासारखे आहे.

या लेखकाच्या मते दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले राहू शकतात. जेथे राणीचे पद हे खरेखुरे पद आहे, तेथे ते ठेवून त्यासाठी उभे राहण्याचा अधिकार ट्रान्सजेंडर मुलींनाही देता येतो. जेथे तो केवळ मध्यंतरातला देखावा आहे, तेथे रकाने पुसल्याने कोणाचे काही जात नाही. कसोटी मुकुटाच्या नावात नाही. उमेदवारी अर्ज घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला खिडकीपाशी बसलेला कारकून परत पाठवितो की नाही, यात ती आहे.

२० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पदभार स्वीकारताच काढलेल्या आदेशाने अमेरिकी संघराज्य सरकार केवळ स्त्री व पुरुष ही दोनच लिंगे मानील असे जाहीर केले. त्यात होमकमिंगचा उल्लेख नाही. तथापि, ज्या संस्था संघीय निधीवर अवलंबून आहेत त्यांच्या प्रशासकांना आता अशा प्रत्येक अर्जावर सही करताना वकिलाचा विचार घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे.

भारताचा संबंध

२०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली होती. त्यांच्यापैकी अनेकांना या मतपत्रिकेशी तेथेच पहिली गाठ पडली असेल. पण कल्पना त्यांना अगदीच अनोळखी नसावी. 'मिस्टर फ्रेशर' आणि 'मिस फ्रेशर' निवडल्याखेरीज आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत नवागतांचे स्वागत पुरे होत नाही. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत 'रोझ डे'ला सर्वाधिक गुलाब मिळविणारी मुलगी 'रोझ क्वीन' ठरते. येथेही रकाने दोनच.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नाल्सा' खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना अर्जांत त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवण्यास सांगितले. २०१६ मध्ये आयोगाने रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती करून लिंगओळख किंवा लैंगिक कल यांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळ हा रॅगिंगच समजला जाईल असे स्पष्ट केले. नवागतांच्या स्पर्धेत मंचावर बोलावून एखाद्या मुलाला 'मुलीसारखे चालून दाखव' असे सांगणे आणि सभागृहाने हसणे, हा प्रकार अनेक ठिकाणी गंमत म्हणून चालत आला आहे. त्या मुलाला ती गंमत वाटत नसेल, तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला तक्रार करण्याचा मार्ग आहे. तक्रार महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीकडे करावयाची असते आणि ती दाखल करून घेणे संस्थेवर बंधनकारक आहे.